पणजीचा राखणदार

सुलोचनेची नोकरी एका नारळावर अडली होती. नारळ घरात होता, चांगला शेंडीचा, हलवला की पाणी वाजणारा. तो ठेवायचा कुणापुढे, एवढंच ठरत नव्हतं.

नोकरी पणजीला होती, मराठी शाळेत, प्राथमिकच्या मुलांना शिकवायची. लग्नाआधी सुलोचना सावंतवाडीला मास्तरीण होती. लग्न होऊन ती सातार्ड्याला आली आणि तिथे शिकवायला कोणी उरलं नाही, कारण सासरचं प्रत्येक माणूस जन्मतःच सर्व जाणत होतं. मग नवरा दत्ताराम डिचोलीच्या एका खाणीवर लागला, टिप्परवाल्यांवर ओरडायच्या कामावर, आणि दिवाळी झाल्यावर त्यानं बायकोला आणि आईला डिचोलीत आणलं. दोन खोल्या, मागे विहीर, आणि पुढच्या जास्वंदीवर खाणीची इतकी लाल धूळ, की पान कुठलं आणि फूल कुठलं हे हात लावल्यावरच कळे. मांडवीवर पूल होऊन तीन-चार वर्षं झाली होती. डिचोलीहून सकाळची पहिली बस धरली की माणूस म्हापशावरून पणजीत शाळेच्या घंटेआधी पोचत असे. सुलोचनेनं हे सगळं आधी बघून ठेवलं, मगच मुलाखत दिली, आणि नेमणूक झाल्यावरच घरात सांगितलं. जूनमध्ये शाळा उघडली की हजर व्हायचं होतं. दत्तारामची हरकत नव्हती. दत्तारामची कशालाच हरकत नसे. ते खातं त्याच्या आईकडे होतं.

सासूबाईंची, म्हणजे यशोदाबाईंचीही नोकरीला अशी हरकत नव्हती.

"कर गो नोकरी," त्या म्हणाल्या. "माका बरां वाटतला. पण त्या शेरात तू रोज पाय ठेवतलंस, तर थंयच्या राखणदाराच्या कानार घालूक होया. न सांगता दुसऱ्याच्या शिमेत रोज जावचा, ही खंयची रीत?"

राखणदार म्हणजे सीमेवरचा पहारेकरी. देवळातल्या देवाचा थाट वेगळा. राखणदाराला बहुधा देऊळ नसतं, झाडाखाली एक दगड असतो, आणि त्याच्या गरजाही माफक असतात: नारळ, विडी, कुठे कुठे एखादा घोट. मात्र नवं माणूस हद्दीत आलं की त्याला सांगावं लागतं. सांगायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. एकानं मोठ्यानं मागणं बोलायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे एकदा चारचौघांत बोललं गेलं की ते देवाला बांधतं तसं माणसालाही बांधतं. कोर्टातला कागद फाटतो, हे फाटत नाही.

घरात याला दाखला होता. दत्ताराम पहिल्यांदा खाणीवर आला तेव्हा न सांगता आला, आणि आठवड्याच्या आत घसरून त्याचा पाय मोडला. यशोदाबाई सातार्ड्याहून धावत आल्या, त्यांनी डिचोलीच्या राखणदाराला नारळ दिला, आणि पाय बरा झाला. प्लास्टर डॉक्टरनं सांगितलेल्या दिवशीच निघालं, पण डॉक्टरचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

"मगे डिचोलीच्याच राखणदाराक सांगूया मां," दत्ताराम म्हणाला. "पणजी काय लांब नाय. तो तेका सांगात."

"तुझ्या खाणीचो परमिट दुसऱ्या खाणीर चलता?"

चालत नव्हता. तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे आयतवारी, नारळ, उदबत्त्या आणि विड्यांचा एक कट्टा पिशवीत घालून तिघं पणजीला निघाली.

तिघांपैकी कुणीही पणजी नीट पाहिलेली नव्हती. सुलोचनेनं मुलाखतीच्या दिवशी शाळा आणि बस स्टँड पाहिलं होतं. यशोदाबाईंच्या मते मोठं गाव म्हणजे मोठा बाजार, आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून मोठा. प्रत्यक्षात आयतवारची पणजी कुलूप लावून झोपली होती. दुकानांच्या फळ्या बंद, रस्त्यात चिटपाखरू नाही, फक्त चर्चमधल्या मिसाहून परतणारी काही माणसं कडक इस्त्रीच्या कपड्यांत सावलीसावलीनं चाललेली.

"कोण मेलां काय रे?" यशोदाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

दत्तारामनं त्यांना थेट महालक्ष्मीच्या देवळात नेलं. त्याच्या मनात तिथेच नारळ ठेवून जेवायच्या वेळेला घरी पोचायचं होतं. यशोदाबाईंनी मनोभावे दर्शन घेतलं, ओटीचे तांदूळ वाहिले, आणि बाहेर येऊन नारळाची पिशवी पुन्हा खांद्याला लावली.

"आये, नारळ?"

"ही देवी. घरची धनीण. धनिणीक भेटाच्या आदी दारावरच्याक विचारूचा लागता. तो खंय असा ता बघ."

उघडं असलेलं एक हॉटेल सापडलं. मालक कृष्णनाथ गल्ल्यावर बसून वारा घेत होता. त्यानं पातळ भाजी आणि गरम पाव आणून ठेवले. यशोदाबाईंनी आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या हातचं बसून खाल्लं. एक पाव संपवून त्यांनी दुसरा घेतला, तोही संपवला, आणि मग कामाचं विचारलं.

"तुमच्या पणजीचो राखणदार खंय असता हो?"

"पणजीचो?" कृष्णनाथानं पंखा थांबवला. "माका कसां कळतला, आये? मी मांद्र्याचो. आमच्या मांद्र्याचो विचारा. कडक! राती काठी आपटीत फिरता, मी सोता आयकलंय."

"पण तुमी हयसर किती वर्सां?"

"माझ्या बापाशीन घातला ह्या हॉटेल. पण गणपतीच्या चवथीक आमी मांद्र्याक."

त्यानं शेजारच्या सोडावाल्याला हाक मारली. सोडावाला सगुण पार्स्याचा निघाला. तिठ्यावरचा पोलीस केरीचा होता, आणि त्याचा राखणदार तर तेरेखोलच्या खाडीवरून चालत जात असे. प्रत्येकजण आपापल्या राखणदाराची तारीफ करी, त्याच्या वहाणांचं माप सांगे, आणि पणजीचा म्हटलं की खांदे उडवी. हे सगळे पणजीत राहत होते, पणजीत खात होते, पणजीत त्यांची मुलं शाळेत जात होती, पण पणजी त्यांनी कुणाच्याच राखणीत दिलेली नव्हती. सुलोचनेला वाटलं, एवढं मोठं शहर हे लोक नुसतं वापरून परत ठेवतात.

पुढच्या आयतवारी डोंगरावरचा मारुती झाला. पायऱ्या चढून यशोदाबाईंना धाप लागली. त्यांनी मारुतीला तेल घातलं, खालची कौलं, नदी, नारळीचे शेंडे बराच वेळ पाहिले, आणि निकाल दिला: मारुती सगळ्यांचा असतो. जो सगळ्यांचा, तो एका जागची राखण काय करणार? "सरकारी माणूस तो. बदली होता."

उतरल्यावर जेवणाची वेळ टळून गेली होती, म्हणून कृष्णनाथाकडे भाजी-पाव झाला. ऊन फार होतं, म्हणून कांपालला नदीकाठच्या झाडांखाली टेकली. नदीतून खनिजाच्या बार्जी चालल्या होत्या, पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या, वर लाल ढीग.

"ह्या आमच्याकडच्योच," दत्ताराम म्हणाला. "काल भरल्यो आमी."

यशोदाबाई उठून काठाशी गेल्या. "म्हणजे तू रोज बोंब मारतंस, ती ही माती?"

"व्हय."

"आणि ती खंय जाता?"

"जपानाक."

त्यांनी बार्ज वळणाआड जाईपर्यंत पाहिली. "जपानच्या राखणदाराक कोणी सांगल्यान काय रे?" त्या म्हणाल्या.

तिसऱ्या आयतवारी सचिवालयाशेजारचा काळा पुतळा सापडला. पाद्र्याच्या झग्यातला एक माणूस दोन्ही हात पुढे करून उभा, आणि त्याच्या हातांखाली एक बाई मागे कलती झालेली. यशोदाबाई जागीच थांबल्या.

"ह्या बायेच्या अंगात इलाहा!"

"तसां नाय, आये," सुलोचना म्हणाली. तिला हे वाचून माहीत होतं. "हे फादर होते. नुसत्या नजरेन आणि हातान माणसाक झोप आणायचे. फ्रान्सात मोठां नाव होतां त्यांचां."

"मगे मंतर घालणारो घाडीच म्हण. सरळ सांग ना." त्यांनी पुतळ्याला एक प्रदक्षिणा घातली. सुलोचनेला क्षणभर वाटलं, आता नारळ फुटतो. तिनं काडेपेटीसुद्धा काढून हातात धरली. पण यशोदाबाई परत आल्या त्या मान हलवत. "जोरदार असा. पण घाडी म्हणजे कामगार. राखणदारान बोलावलो की येतलो. आमका मालक होयो."

त्या दिवशी मिरामारला गेली. समुद्र सातार्ड्याहून तसा लांब नव्हता, पण तिथे समुद्राकडे नुसती बघत बसलेल्या बाईला लोकांनी वैद्याकडे नेलं असतं. इथे पुष्कळ बायका बसल्या होत्या. यशोदाबाई त्यांच्यात जाऊन बसल्या, वहाणा शेजारी काढून ठेवल्या, आणि दिवस बुडेपर्यंत उठल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये त्या दत्तारामच्या खांद्यावर झोपल्या. सुलोचना मात्र जागी होती. मे महिना अर्धा सरला होता.

चौथ्या खेपेला मात्र तिनं दैवावर काही ठेवलं नाही. आठवडाभर आधी डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या ड्रायव्हरकरवी तिनं सोडावाल्या सगुणाला निरोप धाडला होता, आणि सगुणानं शोध लावला होता. खाडीच्या कडेला, बस स्टँडाच्या मागे, एका जुन्या पिंपळाखाली दगड होता. दगडाला तेल होतं. पुढे विझलेल्या विड्या होत्या. कालचाच असावा असा जास्वंदीचा हार होता.

"कोण घालता हार ता म्हायत नाय," सगुण म्हणाला. "पण जुनो. पूर्वी पणजी हयसरच संपत होती, माझो आजो सांगी. ही शीम."

सीमा होती, झाड होतं, दगड होता, विडी होती. सुलोचनेनं सासूकडे पाहिलं. यशोदाबाईंनी दगड पुढून पाहिला, मागून पाहिला, डोळ्यांवर हात धरून सूर्य पाहिला.

"हेचा तोंड खंय?"

"उत्तरेक," सगुण म्हणाला.

"आणि आमी येतों खंयसून?"

"उत्तरेसूनच."

"मगे! हो आमच्याकडे आधीच बघता. येणाऱ्याक बघणारो राखणदार वेगळो आणि रवणाऱ्याक बघणारो वेगळो. हो बरोबर नाय." आणि त्याच दमात, "सगुण, बाबा, ता दोना पावल म्हणतत ता खंय रे? आयतवारची बस असता थंय?"

सगुणानं सुलोचनेकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, पण विचारण्याइतकी ओळख नव्हती.

सुलोचनेनं सासूची पिशवी सहज म्हणून स्वतःच्या हातात घेतली. पिशवी हलकी लागली. आत पाण्याची बाटली होती, विणलेला हातपंखा होता, बसायला जुनं लुगडं होतं, शेंगदाण्यांची पुडी होती. नारळ नव्हता. उदबत्ती नव्हती. विड्यासुद्धा नव्हत्या.

म्हणजे पणजीचा राखणदार आज सापडायचा नाही, हे सकाळी डिचोलीतच ठरलं होतं.

सुलोचनेला राग आला नाही, असं नाही. आला. दोना पावलला सगळे खडकावर उभे राहून समुद्र बघत होते तेव्हा ती सासूच्या पाठीकडे बघत होती. छप्पन्न वर्षांची बाई. सातार्ड्याच्या घरातून शेतात, शेतातून घरात, वर्षातून एकदा जत्रेला, आणि एकदा मोडलेल्या पायासाठी डिचोलीला. राखणदार सापडला की नोकरी सुरू, आणि नोकरी सुरू झाली की सुनेचा आयतवार कपडे धुण्यात आणि दत्तारामचा घोरण्यात जाणार. मग यशोदाबाईंना मिरामारला कोण नेतंय? राखणदार न सापडण्यातच त्यांची पणजी होती. हिशेब चूक नव्हता. फक्त त्यात सुलोचनेची शाळा बुडत होती.

भांडण केलं असतं तर ती हरली असती, कारण भांडणात देव सासूच्या बाजूनं होता. बुधवारी, डिचोलीच्या बाजाराच्या दिवशी, यशोदाबाई विळीवर बांगडे साफ करत बसल्या होत्या. दत्ताराम दारात विडी ओढत होता. सुलोचनेनं मसाला वाटता वाटता सांगितलं,

"आये, मी विचार केलंय. शाळेक नको म्हणान कळवतंय. देवाक न विचारता कायएक करूक नये, ता तुमचां खरां."

"शाणी गो माझी," यशोदाबाई म्हणाल्या आणि बांगड्याचं डोकं उडवलं.

"आणि मगे पणजीक जावची पण गरज नाय. तुमच्या ढोपरांक तेवढोच आराम. आयतवारी घरात रवा, भात जेवा, निजा."

विळी थांबली.

"बरां झालां!" दत्ताराम दारातून म्हणाला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि त्याचा आनंद खरा होता. "महिनो झालो, एक आयतवार नीट निजूक गावलो नाय."

"तू निजच!" यशोदाबाई कडाडल्या. "टिप्पराखाली निज!"

दत्तारामनं विडी विझवली. त्या दिवशी बांगड्यांना मीठ नव्हतं आणि कुणी मागितलंही नाही.

शुक्रवारी सकाळी चुलीपुढे बसून यशोदाबाईंनी जाहीर केलं, की राखणदार स्वप्नात आला होता.

"खंयचो?" दत्तारामनं भीतभीत विचारलं.

"पणजीचो. आणि खंयचो? म्हणालो, बाये, तू माका खंय खंय शोधतंस? मी स्टँडामागच्या पिंपळाखालीच असंय."

"पण तेचा तोंड…" सुलोचनेनं आठवण दिली.

"फिरवता म्हणालो," यशोदाबाई म्हणाल्या. "शाळेक कळवलंस काय?"

"अजून नाय."

"मगे रवांदे."

शेवटच्या आयतवारी नारळ पिशवीत होता; सुलोचनेनं तो बसमध्ये चढण्याआधी बाहेरून चाचपला. पिंपळाखाली पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, कारण वाटेत कृष्णनाथाकडे थांबणं आलं, आणि कृष्णनाथ हॉटेल पोऱ्यावर सोडून बरोबर निघाला. गाऱ्हाण्याला त्या जागचे मानकरी लागतात. पणजीचे मानकरी कुठून आणायचे, म्हणून मांद्र्याचा एक आणि पार्स्याचा एक असे दोन घेतले. स्टँडवर गर्दी होती. पेडण्याची बस लागली होती, सावंतवाडीची लागायची होती. ड्रायव्हर, कंडक्टर, गवंडी, सुट्टी संपवून गावी निघालेल्या बायका, सगळी पिंपळाच्या सावलीत उभी होती.

गाऱ्हाणं पुरुषानं घालायचं असा रिवाज. दत्ताराम पुढे झाला. टिप्परवाल्यांना डोंगराच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाणारा त्याचा आवाज दगडापुढे आला आणि पार बसला. "बा देवा म्हाराजा," तो पुटपुटला आणि पुढे काय ते विसरला.

"सर बाजूक," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, नारळ दगडापुढे ठेवला, आणि शेतावरून हाक मारायच्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या, ह्या पणजी शेराच्या शिमेवर बसान राखण करणाऱ्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कृष्णनाथ आणि सगुण म्हणाले. आणि त्यांच्यामागे आणखी कुणीतरी म्हणालं. सुलोचनेनं वळून पाहिलं. पेडण्याच्या बसचा कंडक्टर होता. गाऱ्हाणं ऐकलं आणि तोंडून निघालं, त्याचाही इलाज नव्हता.

"आज ही माझी सून, सातार्ड्याची, तुझ्या शेरात पोरांक शिकवूक येता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता गवंडीही होते. हातातली बोचकी खाली ठेवून बायका पुढे सरकल्या. बसमध्ये बसलेली माणसं खिडकीतून हात जोडून ओरडत होती. शहरभर ज्यांना पणजीचा राखणदार ठाऊक नव्हता, ती सगळी आता त्याला एका आवाजात साक्षी होती.

"तिका बरी बस गावांदे, बसाक जागा गावांदे, पोरांक अक्कल येवंदे, हेडमास्तराची वाकडी नजर असात ती सरळ कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सुलोचनेचे डोळे भरून आले. महिनाभर आतल्या आत गोळा झालेलं सगळं सुटलं. ती हात जोडून मान खाली घालणार, तेवढ्यात यशोदाबाईंनी आवाज आणखी चढवला.

"आणि दर आयतवारी ही सून आपल्या सासवेक हात धरून पणजीक आणतली, घोव निजलो तरी आणतली, कापडां धुवची रवली तरी आणतली, आणि ह्यात चूक झाली तर तू बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं स्टँड गरजलं. बायकांचा आवाज यावेळी पुरुषांहून मोठा होता.

आवाज विरला. यशोदाबाई दगडाकडे तोंड करून उभ्या होत्या, मागे वळून बघत नव्हत्या. नारळ अजून फुटलेला नव्हता आणि सगळे सुनेकडे पाहत होते. सुलोचनेनं मनात हिशेब घातला. आठवड्याचे सहा दिवस शाळेचे आणि सातवा यांचा. कपडे रात्री धुवावे लागतील.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

यशोदाबाईंनी नारळ उचलला आणि एका घावात दोन केला. कंडक्टरनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून घंटा मारली. डिचोलीच्या बसमध्ये तिघांना एकत्र जागा मिळाली नाही. सासू-सून एका बाकावर बसल्या आणि दत्ताराम मागे दांड्याला धरून उभा राहिला.

"आये," पूल ओलांडल्यावर त्यानं वाकून विचारलं, "माझ्या निजेचां काय?"

"तू डिचोलीच्या राखणदाराच्या हद्दीत येतंस," यशोदाबाई म्हणाल्या. "थंय गाऱ्हाणां घाल." आणि त्या सुनेकडे वळल्या. "सिनेमाचां थेटर आयतवारी उघडां असता काय गो?"